गणपतीपुढचा एन्काउंटर

ये गं, जवळ सरक अशी. तू पुण्याला आणि मी बोईसरला, तेव्हा सरकायचं ते मनानंच, पण सरक. आधी तुझा कान धरायचा आहे. हळूच धरीन. मागच्या वर्षी तुझ्या आतेभावाची बातमी घरच्या ग्रुपवर आली, तेव्हा तू टाळ्या वाजवणारे बारा हात पाठवलेस. मी मोजले, दुपारची भांडी झाली की मला तेवढंच काम असतं. बारा हात पाठवलेस आणि त्यानंतर त्याला एक फोन केला नाहीस. तोंड पाडू नकोस. तुझ्या या आत्यानं, म्हणजे मी, तर तुझ्यापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या, आणि त्याही खऱ्या हातांनी, कणकेचा हात पदराला पुसून. म्हणून तर सांगायला बसले.

तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही, म्हणून सांगते. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पोलीस शिपाई. जळगावकडचा, काळ्या मातीतला. समुद्र त्यानं पहिल्यांदा बघितला तो आमच्या जिल्ह्यात भरती झाल्यावर. क्वार्टर मिळेना म्हणून आमच्याकडे राहायला आला. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढची पडवी, आणि त्या पडवीत माझी खानावळ. कारखान्यातली पंचवीस-तीस माणसं दोन वेळ जेवतात. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पेपर वाचतात आणि मी काही बोलले की त्यावर शेरा मारतात. तेवढीच त्यांची ड्युटी.

त्या वर्षी आमच्याकडे घरफोड्या फार झाल्या. बंद घर दिसलं की कुलूप तोडलंच. आम्ही एका लग्नाला सफाळ्याला गेलो आणि आमचंही दार फोडलं. सोनंनाणं नव्हतंच, म्हणून त्यांनी माझा मिक्सर नेला. भांड्यात चटणी होती, तीसुद्धा नेली. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "असल्यांना उभं करून गोळ्या घातल्या पाहिजेत."

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "मिक्सरसाठी?"

"मिक्सरचं काही नाही, चटणी वाटून झाली होती."

हसू नकोस. त्या दिवशी गल्लीत एक माणूस असा नव्हता की ज्यानं मान डोलावली नाही. कोर्टात वीस वर्षं जातात, वकील सोडवून आणतात, आपण मरतो आणि चोर म्हातारा होतो, हे सगळं बोलून झालं. गोळी हाच उपाय, असं ठरवून माणसं जेवून कामावर गेली.

मग पंधरा-वीस दिवसांत ती बातमी आली. त्या टोळीतला एक जण भल्या सकाळी खाडीकाठी पोलिसांना सापडला. पकडायला गेले तेव्हा त्यानं कोयता उगारला, पोलिसांनी स्वतःला वाचवायला गोळी झाडली, तो जागीच गेला. असं बातमीत होतं. कुठली खाडी, कुठलं ठाणं, ते मी लिहीत नाही. आपला मुलगा त्या तुकडीत होता, एवढं पुरे.

तो घरी आला तेव्हा एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला होता. आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवायला आलेल्या पोरांनी मला विचारलं, "मावशी, कोणी उडवला त्याला?"

मी वरण वाढत होते. म्हटलं, "कोणी म्हणजे? आमच्याच पोरानं."

आता हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. त्यानं मला काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पायाचा चिखल बघितला आणि बाकीचं मी मनानं शिजवलं. एकदा बोलून गेले आणि गल्लीनं ते पोळीसारखं फुगवलं. दुपारी एक गोळी होती, संध्याकाळी तीन झाल्या. दुसऱ्या दिवशी चोर चार होते आणि आपला मुलगा एकटा. आमचे हे म्हणाले, "रविवारपर्यंत तोफ येईल."

तोफ नाही, पण शाल आली, नारळ आला, पेढे आले. मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. मी ओवाळत होते तो सगळा वेळ तो निरांजनाकडे खाली बघत होता. मला वाटलं, लाजतोय. भाजीवाला मला पिशवीत कोथिंबीर टाकून द्यायला लागला. रिक्षावाले "मावशी, बसा बसा" म्हणायला लागले. मी बसले. कोण नाही बसणार?

पण पोराचं जेवण तुटलं. जो मुलगा उभ्या उभ्या सहा भाकऱ्या खायचा, तो एका भाकरीचे तुकडे करून ताटात फिरवत बसायचा. मी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर लागलीय, हे सगळ्यांना माहीत आहे. मी बहिणीला तसा फोनही केला. आमचे हे म्हणाले, "तुझं नाक चार दिवस सर्दीनं बंद आहे. मला विचार, मी मरता मरता वाचलो."

अशात गणपती जवळ आले. आमच्या गल्लीचं मंडळ लहान, पण हौस दांडगी. इथं प्रत्येक घरात एक फिटर नाहीतर वेल्डर, त्यामुळे आमचा देखावा कधी बसून राहत नाही, हलतोच. आदल्या वर्षी चंद्रावर उतरणारं यान केलं होतं. ते तीन दिवस उतरलंच नाही, वरच लोंबकळत राहिलं. चौथ्या दिवशी उतरलं ते थेट मोदकांच्या ताटात. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे एका कारखान्यात पॅकिंग मशिनवर असलेला फिटर. माझ्याकडेच जेवतो. तो एक दिवस ताट पुढ्यात घेऊन, हात न लावता, म्हणाला, "मावशी, यंदा देखावा ठरला. एन्काउंटर."

"गणपतीपुढे?"

"गणपती विघ्नहर्ता ना? मग पोलीस पण विघ्नहर्ता. बॅनरवर तेच लिहिणार आहे. आणि उद्घाटन आपल्या साहेबांच्या हस्ते." आपले साहेब म्हणजे माझा भाचा, जो त्या वेळी कोपऱ्यात बसून ताटात भाकरी फिरवत होता.

तो म्हणाला, "मला ड्युटी असते."

"ड्युटी सहाला सुटते. मी ठाण्यात विचारून आलोय."

"मला भाषण येत नाही."

"भाषण मी करीन. तुम्ही फक्त बटण दाबायचं. बटण दाबायची तर तुम्हाला सवयच आहे," असं म्हणून अध्यक्षानं बोटाची बंदूक करून दाखवली. सगळी पंगत हसली, मीपण हसले. आपला मुलगा हात धुवायला उठला.

दुपारी पंगती उठल्यावर मी शेंगदाणे भाजत बसले होते, तेव्हा तो येऊन चुलीजवळ बसला. म्हणाला, "मावशी, मी गोळी झाडली नाही."

"मग?"

"आमच्या ठाण्याच्या साहेबांनी झाडली."

"बरं, मग तू त्यांच्या शेजारी होतास ना? तेही काही कमी नाही."

"शेजारी नव्हतो. मागे होतो. माझा बूट चिखलात अडकला होता."

मी शेंगदाणे हलवायचे थांबले.

"खाडीकाठी वरून गुळगुळीत दिसलं म्हणून पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत गेला," तो सांगायला लागला. "मी खाली वाकून बूट ओढत होतो. ओढतोय, ओढतोय, येत नाही. तेवढ्यात आवाज झाला. वर बघितलं तर तो माणूस पडलेला होता. कोयता त्याच्या बाजूला होता."

"म्हणजे कोयता होता ना?"

"होता. त्यानं उगारला असेलही. पण मी बघितलं नाही, मावशी. मी बूट बघत होतो. आणि माझ्या जबाबात लिहिलंय की मी समोरून सगळं बघितलं. सगळ्यांचे जबाब एकदमच लिहिले, सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली."

मग त्यानं खरी अडचण सांगितली. पोलिसांच्या गोळीनं माणूस गेला की त्याची वेगळी चौकशी होते. पोलिसातला नसलेला एक अधिकारी प्रत्येकाला बोलावून विचारतो. गणपती बसणार शनिवारी, आणि याला पालघरला बोलावलं होतं सोमवारी. तिथं शपथेवर सांगायचं होतं की काय बघितलं.

"बुटाचं सांगितलं तर नोकरीवर येईल," तो म्हणाला. "आणि नाही सांगितलं तर..."

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. दोन महिने मी ज्याच्या जिवावर फुकट कोथिंबीर आणत होते, तो बूट ओढत होता. वर इकडे शेंगदाणे करपले. मी म्हटलं, "हे बघ, मेला तो मेला, तो काही उठून येत नाही. सगळे जे म्हणतात तेच तूही म्हण, आणि दोन घास जेव."

त्यानं मान हलवली आणि करपलेले शेंगदाणे वेचून खात बसला. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं की चूक कुणाची, तर मी चिखलाची म्हटलं असतं.

शनिवारी गणपती बसले. देखावा काय झाला होता म्हणतेस. अध्यक्षानं रेडिमेड कपड्यांच्या दुकानातून दोन पुतळे आणले होते. दोघांचा चेहरा एकच, गोरापान, ओठावर तेच हलकं हसू. एकाला खाकी घालून मिशी चिकटवली तो पोलीस; दुसऱ्याच्या गालाला काजळी फासली तो चोर. मागं खाडी म्हणून निळा प्लास्टिकचा कागद. चोराच्या हातात पुठ्ठ्याचा कोयता. बटण दाबलं की चोर कोयता उगारायचा, मग पोलिसाचा हात वर यायचा, लाउडस्पीकरमधून ठाय करून आवाज व्हायचा, आणि चोर कोयता टाकून, दोन्ही हात वर करून मागं पडायचा. मग अर्ध्या मिनिटानं पुन्हा उठून कोयता उगारायचा. सगळं भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटरींवर. पोलिसाच्या हाताला आणि आवाजाला बसची मोटर, चोराला टेम्पोची.

आपल्या मुलानं बटण दाबलं. बॅनरवर त्याचा फोटो होता, त्याला काळा गॉगल कुणीतरी कॉम्प्युटरवर घातलेला. ठाय झालं, चोर पडला, टाळ्या पडल्या. त्यातल्या काही माझ्या होत्या. तो हात जोडून घरी निघून गेला.

आणि तिथून पुढे गंमत सुरू झाली. बसची मोटर आणि टेम्पोची मोटर दिसायला सारख्या असल्या तरी एका चालीनं चालत नाहीत, टेम्पोची जरा घाईची. पॅकिंग मशिनवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पहिली पंधरा मिनिटं सगळं बरोबर. मग चोर हळूहळू वेळेच्या पुढे जायला लागला. सातच्या सुमारास जे दर्शनाला आले त्यांनी बघितलं की चोर कोयता उगारतो, गोळी सुटते, चोर पडतो. पावणेआठला जे आले त्यांनी बघितलं की चोर कोयता टाकतो, दोन्ही हात वर करतो, आणि मग गोळी सुटते. साडेआठवाल्यांनी तर बघितलं की चोर केव्हाचा आडवा पडलाय आणि पोलीस त्याला वरून गोळी घालतोय.

रविवारी सकाळी दळणाच्या रांगेतच भांडण लागलं. एक बाई म्हणाली, "देखावा छान आहे, पण हात वर केलेल्याला मारलेलं बरं नाही वाटलं."

दुसरी म्हणाली, "हात कुठं वर केले? धावून गेला की अंगावर."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मग माझे काय बटाटे आहेत?"

संध्याकाळपर्यंत गल्लीचे दोन तट झाले. सात वाजताचे आणि आठ वाजताचे. प्रत्येक जण आपलं खरं करायला दुसऱ्याला घेऊन मंडपात यायचा, आणि तोपर्यंत चोरानं वेळ बदललेली असायची. कधी नव्हे ती गर्दी झाली. अध्यक्ष घाम पुसत मागे जाऊन मोटर थांबवायचा, परत लावायचा. लोक ओरडायचे, "थांबवू नका, आमचं बघून झालं नाही."

"चोरच तो, हात आधी वर केले काय, नंतर काय," एक जण म्हणाला.

"मग हात कशाला केलेत त्याला? दोन काठ्या लावायच्या," दुसरा म्हणाला.

आपला मुलगा ड्युटीवरून येताना त्या गर्दीत सापडला. खाकीतच होता. मी प्रसादाचं ताट घेऊन मंडपात बसले होते. तो एका बाजूला उभा राहून बघत होता. तीन-चार वेळा चोर पडला, उठला, पडला. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. "अरे, हे काय, साहेबच उभे आहेत की. साहेब, तुम्ही होता तिथं. तुम्ही सांगा, हात आधी वर झाले की गोळी आधी?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मागं मोटरींची घरघर चालूच होती.

तो म्हणाला, "मला माहीत नाही. मी माझा बूट चिखलातून काढत होतो."

सगळी गल्ली खदाखदा हसली. अध्यक्षानं तर त्याच्या पाठीवर थाप मारली. "साहेब फार विनोदी माणूस. बघा, मोठेपणा नको म्हणून कसं बोलतात."

"विनोद नाही," तो म्हणाला. लोक आणखी हसले.

न हसलेलं एकच माणूस होतं. जवळच्या दांडी गावची कोळीण, जी मला मासे पुरवते. गणपतीत खानावळीत मासे बंद, म्हणून ती मोकळी होती आणि ठेवणीतलं लुगडं नेसून दर्शनाला आली होती. ती पुढं आली.

"हसता कशाला रे?" ती म्हणाली. "खाडीच्या चिखलात पाय रुतला का मानूस वर बघत नाय. तवा समोर देव जरी उभा राहिला ना, तरी तो पायाकडंच बघंल. आमचा जनम गेला चिखलात, आमाला ठाव हाय." मग आपल्या मुलाकडे वळली. "कसा काढलास पाय?"

"ओढला."

"सरळ वर?"

"हो."

"येडा हायस. ओढायचा नाय. टाच हलवायची, बोटं खाली दाबायची, मंग पाय सुटतो. ओढला का पाय तुजा आनि बूट खाडीचा." आणि तिनं तिथंच, गणपतीसमोर, लुगडं जरा वर धरून टाच हलवून दाखवली. खाकीतल्या माझ्या भाच्यानं तिच्याकडे बघत बघत आपली टाच हलवली. लोकांना वाटलं, हाही देखाव्याचाच भाग.

जाता जाता तिनं मला विचारलं, "बाय, तो जो मेला त्याच्या घरी कोन हाय?"

मला माहीत नव्हतं. एवढे दिवस आम्ही गोळ्या मोजत होतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. ती "नाय ठाव?" म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

सोमवारी मी त्याच्याबरोबर पालघरला गेले. आमचे हे म्हणाले, "जबाब त्याचा आहे, तू कशाला?" मी म्हटलं, "बोलले मी आधी. त्यानं काय ते सांगेपर्यंत मी तिथं बसून तरी राहीन." डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. वाटेत मी त्याला काय सांगायचं ते सांगितलं नाही. आदल्या वेळी सांगितलं होतं तेवढं पुरे होतं.

त्याला आत बोलावलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. बाकावर आधीच एक बाई होती, माझ्यापेक्षा जरा लहान. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. तिनं विचारलं, इथल्या नळाचं पाणी पिण्यासारखं आहे का. मी तिला माझी बाटली दिली. दोन गाड्या बदलून आली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मग मी डबा उघडला. नको नको म्हणत तिनं एक दशमी घेतली.

"चटणी चांगली झालीय," ती म्हणाली. "घरी वाटलेली?"

"हो," म्हटलं. मिक्सरचं काही बोलले नाही.

"तुमचं कोण आहे आत?"

"भाचा. पोलिसात आहे."

तिचा घास तोंडात थांबला. मग तिनं तो चावून गिळला. "माझा मुलगा," ती म्हणाली.

"तोही आत आहे?"

"नाही. तो त्या दिवशीच गेला ना. मला सही करायला बोलावलंय."

मला उठावंसं वाटलं, पण डबा मांडीवर उघडा होता आणि तिची अर्धी दशमी त्यात होती. आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नसेन. आमचे हे असते तर त्यांना खरं वाटलं नसतं.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तुमचा भाचा तिथं होता?"

"होता."

"त्यानं बघितलं?"

मी म्हटलं, "नाही. त्याचा बूट चिखलात अडकला होता."

ती हसली नाही. मान हलवून म्हणाली, "मग कुणी बघितलं?"

तेवढ्यात दार उघडून आपला मुलगा बाहेर आला. वर्दी बघून ती बाई चटकन उठून उभी राहिली, सवयीनं. तो मला म्हणाला, "सांगितलं मावशी. सहीच्या जबाबात लिहिलंय ते मी बघितलेलं नाही, असं सांगितलं. ते अधिकारी हसले नाहीत. डावा पाय की उजवा, एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं." मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. मी सांगितलं, या कोण ते.

तो तसाच उभा राहिला, तीही उभी. शेवटी तो म्हणाला, "बसा आई." ती बसली. तोही बाकाच्या टोकाला बसला. तिला आत बोलावेपर्यंत आम्ही तिघं त्या बाकावर बसून होतो. ती आत जायला उठली तेव्हा त्यानं तिच्या हातातून पडलेला एक कागद उचलून दिला. त्या कागदावर तिच्या मुलाचा फोटो होता. हसरा होता.

परत आल्यावर त्यानं पाच भाकऱ्या खाल्ल्या. पण ही गोष्ट भाकरीपाशी संपत नाही. चार दिवसांत गल्लीला कळलं की साहेबांनी खरंच बुटाचं सांगितलं. आता हसणं वेगळं झालं. "आपल्याच माणसांच्या विरुद्ध बोलला," म्हणाले. बॅनरवरच्या त्याच्या फोटोवर फ्रीजच्या दुकानाची जाहिरात चिकटवली. फोटोतला गॉगल फ्रीजच्या वर जरासा दिसायचा. भाजीवाल्यानं कोथिंबिरीचे पैसे मागितले. मी दिले आणि गल्लीत पहिल्यांदाच सांगितलं की ती गोळीची गोष्ट माझी होती, त्याची नव्हती. कुणी ऐकून घेतलं नाही. लोकांना माझी आधीची गोष्ट जास्त आवडली होती.

अध्यक्षानं शेवटी सायकलची चेन लावून दोन्ही मोटरी एकमेकींना बांधल्या. मग चोर दर वेळी वेळेवर कोयता उगारायचा आणि वेळेवर पडायचा. दोन दिवसांत गर्दी आटली. भांडायलाच काही उरलं नव्हतं.

आपल्या मुलाची बदली वर डोंगरात झाली. शिक्षा म्हणून की नेमाची, ते कुणी सांगत नाही. चौकशीचा निकाल अजून आलेला नाही. आला तरी त्यात काय असेल ते मला ठाऊक नाही. त्याच्या साहेबांनी जीव वाचवायलाच गोळी झाडली असेल, हेही खरं असू शकतं. आणि मी काही शहाणी झाले असं समजू नकोस. परवाच पडवीतून माझी नवी परात गेली तेव्हा तोंडात तेच आलं. "असल्यांना" एवढं म्हणाले आणि थांबले. आमचे हे पेपर खाली करून वाट बघत राहिले. मी म्हटलं, "असल्यांना पकडून आणा, परात मागायची आहे."

वर डोंगरात तो एकटाच खोली करून राहतो. भात स्वतः शिजवतो, फोनवर मला विचारून. एका छोट्या ठाण्यात टेबलावर बसवलंय, येणाऱ्यांच्या तक्रारी लिहून घेतो. म्हणतो, "मावशी, आता मी बघितलं तेवढंच लिहितो, म्हणून माझी पानं लवकर संपतात." पण आवाजात जरा पोकळी येते. खात्यातले जुने मित्र फोन घेत नाहीत. गल्लीतले त्याची चौकशी करत नाहीत. ओवाळायला शंभर हात होते, आता त्याच्याशी दोन गोष्टी बोलायला माणूस नाही.

पुढच्या आठवड्यात तो दोन दिवसांच्या सुटीवर येतोय. शनिवारी दुपारी पोचेल. त्याला मी तुझ्या येण्याबद्दल काही सांगितलेलं नाही, तेव्हा संकोच करू नकोस. तू शुक्रवारीच ये. बोईसरला उतरलीस की रिक्षावाल्याला खानावळ म्हटलं तरी तो आणून सोडतो. रविवारी पापलेट सांगून ठेवते. त्याला काही विचारू नकोस, समजावू नकोस, नुसती त्याच्याबरोबर पंगतीला बस. लवकर ये गं, रजा मिळत नाही असलं काही सांगू नकोस.